उणकलच्या इरण्णांचा वॉशर

अकरा-बारा वर्षांपूर्वी आपल्या मराठी मंडळाच्या याच वार्षिकात माझं एक भाषण छापून आलं होतं. गणेशोत्सवात मला सायकल दुकानातल्या गमती सांगायला उभं केलं होतं. लोक पोट धरून हसले, म्हणून संपादकांनी ते उतरवून घेतलं. त्यातल्या ज्या किश्श्याला सगळ्यात मोठा हशा मिळाला तो खोटा होता. यंदा पुन्हा लिहाल का असं विचारायला संपादक घरी आले, तेव्हा मी एकच अट घातली. गमती मागाल तेवढ्या देतो, पण तो किस्सा मी आता खरा लिहीन आणि त्यातली एकही ओळ कापायची नाही. त्यांनी कबूल केलं. आता माझी सबब संपली.

आमचं घराणं मूळ गडहिंग्लजकडचं. आजोबा धारवाडला आले, वडिलांनी सुभाष रोडवर सायकलचं दुकान काढलं, मी ते चालवलं आणि गुडघे गेल्यावर पुतण्याच्या हवाली केलं. याहून जास्त इतिहास सांगण्यासारखा नाही. माझा जन्म काळ्या, सरळ दांड्याच्या सायकलींत गेला. त्या सायकलीला पुढे एक चक्र, मागे एक फ्रीव्हील आणि दोहोंवरून फिरणारी चेन. बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही. चेन वापरून वापरून लांबते. ढिली झाली की मागचं चाक थोडं मागे ओढायचं. ओढायला जागाच उरली नाही की चेनची एक आतली आणि एक बाहेरची अशी कड्यांची जोडी काढायची आणि पुन्हा जोडायची. गिऱ्हाईक पायडल मारून बघतं आणि म्हणतं, "हां, आता कशी घट्ट झाली." ही कडी काढण्याची कला मला झोपेतही येत होती. पुढे जे झालं ते याच कलेमुळे झालं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

नव्वदच्या सुमाराला गावात गिअरच्या सायकली येऊ लागल्या. जाड टायर, सरळ हँडल, मागे पाच-सहा चकत्या आणि त्यांच्याखाली लोंबणारं एक यंत्र. या यंत्राला डिरेलर म्हणतात. हँडलवरचं बटन तार ओढतं, तार डिरेलरला ओढते आणि डिरेलर चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. मागची चकती मोठी तर चढ सोपा, लहान तर सपाटीला वेग. हे सगळं मी आज शहाण्यासारखं लिहितोय. तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायची आमच्या धंद्यात रीत नव्हती. गिअर बिघडलेली सायकल आली की मी चेन मधल्या चकतीवर घेई, डिरेलर तारेनं घट्ट बांधून टाकी आणि सांगे, "आता कटकट नाही." गिऱ्हाइकंही खूश होत. एक निवृत्त तहसीलदार होते. ते गिअर बदलायला हँडलला हात लावत नसत, दुकानात येत. उन्हाळा लागला की, "बापूअण्णा, जरा हलका करा." पावसाळा संपला की, "आता जड चालेल." वर्षातून दोनदा गिअर बदलणारा तसा सायकलस्वार मी पुन्हा पाहिला नाही.

मालतीबाई जोगळेकर मात्र तशा गिऱ्हाईक नव्हत्या.

बाई गावाबाहेरच्या केलगेरीला राहत आणि गावातल्या एका शाळेत गणित शिकवत. वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. उजव्या गुडघ्याचं दुखणं होतं. डॉक्टरांनी फार चालू नका सांगितलेलं, आणि शाळेच्या वेळेला बसमध्ये उभं राहायलाही जागा नसे. त्यांचे धाकटे भाऊ जर्मनीत होते. एकदा सुटीवर येताना त्यांनी आपली डोंगरात चालवायची सायकल बरोबर आणली आणि बहिणीला दिली. इथं आली तेव्हाच ती चांगली दहा वर्षांची होती. पुढे तीन चक्रं, मागे सात चकत्या. सगळ्यात हलक्या गिअरवर बाई केलगेरीचा चढ बसल्या बसल्या चढत आणि गुडघा तक्रार करत नसे. पंजाबी ड्रेस घालून, मागे वह्यांची पिशवी बांधून त्या शाळेत जात तेव्हा रस्त्यावरचे लोक वळून बघत. बाई कुणाकडे बघत नसत.

मग त्या सायकलीचं बटन तुटलं. भावानं जर्मनीहून नवं धाडलं. बाई माझ्याकडे आल्या. मी नेहमीप्रमाणे तारेचं वेटोळं काढलं.

"बांधून टाकतो, बाई. मधल्यावर ठेवतो, सगळीकडे चालेल."

"बापूअण्णा, सायकलीतले मला फक्त गिअरच हवे आहेत," बाई म्हणाल्या. "बाकीची सायकल हवी तर तुम्ही ठेवून घ्या."

मला जमणार नाही हे त्यांनी ओळखलं. कुणीतरी त्यांना उणकलच्या इरण्णांचं नाव सांगितलं. उणकल म्हणजे हुबळीच्या अलीकडचं, तळ्याकाठचं. तिथं इरण्णांची पत्र्याची शेड होती. माणूस आधी एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, होता. कारखाना बंद पडल्यावर एक जुना लेथ शेडमध्ये आणून सायकलीकडे वळला. बसच्या टपावर सायकल टाकून बाई तिकडे गेल्या आणि आठवड्यानं घेऊन आल्या ती सातही गिअर टकाटक पडणारी.

त्यात काय विशेष, असं वाचकांना वाटेल. विशेष असं की बाईंच्या भावानं धाडलेलं नवं बटन एका कंपनीचं होतं आणि सायकलीवरचा जुना डिरेलर दुसरीचा. बटनाची एक टिचकी वाजली की ठराविक तार ओढली जाते. तेवढ्या तारेला डिरेलरनं बरोबर एक चकती सरकलं पाहिजे. या बटनाची ओढ त्या डिरेलरला थोडी जास्त होत होती. पहिल्या दोन टिचक्यांना फरक कळत नाही. पण प्रत्येक टिचकीला तो साठत जातो आणि पाचव्या गिअरला चेन दोन चकत्यांच्या मध्ये लटकून करकरते. तारेचा ताण कमीजास्त करून हे बरं होत नाही. पहिला गिअर बसवला की पाचवा बिघडतो, पाचवा बसवला की पहिला. इरण्णांनी काय केलं, तर लेथवर एक छोटा वॉशर कातला, एका बाजूला खाच असलेला. तो डिरेलरच्या बोल्टवर घालून तार नेहमीच्या जागेपेक्षा किंचित बाहेर धरली. डिरेलर ज्या खिळीवर फिरतो ती खीळ आणि तार यांतलं अंतर वाढलं, त्यामुळे तेवढ्याच ओढीला डिरेलर थोडा कमी सरकू लागला आणि सातही गिअर जागेवर आले. दिसायला तो वॉशर विचित्र होता. कंपनीच्या चकचकीत वस्तूवर घरगुती पितळेचा तुकडा.

मी तो बाईंच्या सायकलीवर पाहिला आणि मनात म्हटलं, जुगाड. खरं म्हणजे मला मत्सर वाटला.

पुढे काही महिन्यांनी बाई माझ्याकडे आल्या. चेन ढिली वाटते, खडबडीत रस्त्यावर फ्रेमवर आपटते. एवढ्यासाठी उणकलपर्यंत कुठं जायचं? मी सायकल टांगली. चेन तेव्हा पुढच्या लहान चक्रावर आणि मागच्या लहान चकतीवर होती आणि चांगली लोंबत होती. ढिली चेन म्हटल्यावर माझा हात आपोआप कड्या काढायच्या चेनपंचकडे गेला. कड्यांच्या दोन जोड्या काढल्या, चेन जोडली, फिरवून पाहिली. एकदम गुपचूप. मधल्या गिअरवर पाहिली, तिथंही छान. बाई म्हणाल्या, "अगदी नव्यासारखी झाली." मी खूश. त्या उणकलच्या माणसाला चेनचा आवाज बंद करता आला नाही, मी पाच मिनिटांत केला.

इथं थोडं थांबून समजावतो. साध्या सायकलीला चेनची एकच लांबी लागते. गिअरच्या सायकलीला दर गिअरला वेगळी. लहानावरून लहानावर असताना चेन उरते आणि डिरेलर ती मागे ओढून सांभाळतो. थोडी लोंबली तर तिथं बिघडत नाही. मोठ्यावरून मोठ्यावर असताना मात्र सगळी चेन लागते. म्हणून चेन मोजायची ती मोठ्या चक्रावरून मोठ्या चकतीवर घालून. मी लहानावर बघून कापली. मोठ्यावर घालून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण माझ्या आयुष्यात चेन जिथं ढिली दिसते तिथंच कापायची असते.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई घरी निघाल्या. सपाटीला पुढचं मोठं चक्र घातलेलं. चढ लागला तशी त्यांनी मागचं बटन दाबत दाबत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर नेली. तिथं चेन पुरली नाही. डिरेलर पुढे ताणला गेला, मोडला आणि मागच्या चाकाच्या तारांत घुसला. चाक जागच्या जागी अडकलं. बाई उजव्या हातावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचे यजमान श्रीधरपंत सायकल टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आले. पंत निवृत्त, स्वभावानं तापट. शेजारचे भांडीवाले आणि रस्त्यावरचे चारपाच जण जमले. मी खाली बसून पाहिलं. चेनचा एक तुकडा मोठ्या चकतीवर अजून ताणून बसलेला होता. मी बोटानं अंतर मोजलं आणि मला कळलं. पूर्ण कळलं. काही शंका उरली नाही.

तेवढ्यात पंतांनी मोडक्या डिरेलरवर बोट ठेवलं.

"हा पितळेचा तुकडा कसला? कंपनीचा आहे का?"

"नाही."

"मग कुणी घातला?"

"उणकलवाल्यानं," मी म्हणालो.

"म्हणजे यानंच घात केला म्हणा की."

मी हो म्हणालो नाही. मी म्हणालो, "जुगाडावर कधी भरवसा ठेवू नये, पंत." भांडीवाले म्हणाले, "खरं आहे." आणि झालं. त्या दुपारी मी ती चेन भंगारच्या पोत्यात टाकली आणि पोतं त्याच दिवशी जाऊ दिलं. एरवी माझं पोतं महिना महिना पडून असे.

तीनेक आठवड्यांनी इरण्णा स्वतः आले. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी बाईंना निरोप पाठवला होता की मी बापूअण्णांच्या दुकानात येतो, तुम्हीही या. बाई हात गळ्यात बांधून आल्या. मी इरण्णांना पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. आम्ही सगळे कानडीत बोललो, मी मराठीत देतोय.

बाई त्यांना बसा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी गणित शिकवते. मुलाचं चुकलं तर खोडून पुन्हा लिहिता येतं. हाड खोडता येत नाही. असला तुकडा घालताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

इरण्णा खाली बसले, डिरेलर हातात घेऊन उलटासुलटा केला. तो कुठल्या दिशेला वाकून मोडलाय ते पाहायला त्यांना दोन मिनिटंही लागली नसतील.

"अण्णा, चेन कुठं आहे?"

"भंगारात गेली."

"मी एकशे आठ कड्या ठेवल्या होत्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "तुम्ही काढल्या का?"

मी मान खाली घातली. बाई तेव्हा पाण्याच्या माठाकडे वळल्या होत्या, त्यांनी पाहिलं नाही. इरण्णांनी पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. दुकान माझं, रस्ता माझा, माणसं माझी, पण एका वाक्यात सगळं त्यांच्या बाजूला गेलं असतं. ते उठले आणि बाईंना म्हणाले, "अक्का, सायकल पुन्हा नीट करून देतो. इथंच बसून करतो. अण्णांच्या देखत."

बाईंना वाटलं, माझ्या देखरेखीखाली. त्यांनी तसंच सगळीकडे सांगितलं. उणकलवाला आता बापूअण्णांच्या नजरेखाली काम करतो, म्हणून आता भीती नाही. प्रत्यक्षात चार रविवार मी त्या माणसासमोर पाटावर बसून शिकलो.

पहिल्या रविवारी त्यांनी मला माझी चूक करून दाखवली. चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या मोठ्या चक्रावरून मागच्या मोठ्या चकतीवर गुंडाळली, टोकं जुळवली आणि वर एक जोडी धरली. "एवढी. याहून कमी कधी नाही."

मी म्हटलं, "पण मोठ्यावरून मोठ्यावर चालवूच नये ना? बाईंनी तसं करायला नको होतं."

"करायला नको होतं," इरण्णा म्हणाले. "पण माणसं करतात. जिना बांधणारा असं म्हणतो का, की शेवटच्या पायरीवर पाय देऊ नका?"

दुसऱ्या रविवारी घासलेले दात ओळखायला शिकवलं. नवी चेन घातल्यावर गिअर घसरू लागला की लोक चेनला शिव्या देतात. दोष जुन्या चकत्यांचा असतो. त्यांचे दात जुन्या लांबलेल्या चेनबरोबर झिजून तिच्याच मापाचे झालेले असतात. "म्हातारं जोडपं आहे," ते म्हणाले. "एकाला बदलून चालत नाही." तिसऱ्या रविवारी माझ्या दुकानातला तारेच्या आवरणाचा गठ्ठा बघून त्यांनी डोक्याला हात लावला. मी ब्रेकचं आवरण गिअरला वापरत होतो. ते आतून स्प्रिंगसारखं असतं, दाबलं की आखडतं. ब्रेकला चालतं. गिअरची टिचकी मात्र त्या आखडण्यातच जिरून जाते. "म्हणून तुम्हाला सगळे गिअर बांधून ठेवावे लागले," ते म्हणाले. टोमणा होता की नाही कोण जाणे. मी हसलो, तेही हसले.

चौथ्या रविवारी मोडलेला डिरेलर सांधून सायकल जोडून झाली, पण बटनाचं काम राहिलं. पितळेचा वॉशर त्यांनी पुन्हा घातला नाही. म्हणाले, बाईंच्या भावाला लिहा, डिरेलरच्याच कंपनीचं बटन धाडायला सांगा. ते यायला तीन महिने लागले. तोपर्यंत बाई बसनं गेल्या, गुडघा सुजवून घेतला. वॉशर का नाही असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर माझ्यापर्यंतच आलं असतं.

त्याच वर्षी गणेशोत्सवात मी ते भाषण केलं. उणकलचा माणूस कंपनीच्या गिअरवर घरगुती पितळ चढवतो आणि मग बाई कशा आकाशातून खाली येतात, हे मी हात हलवून हलवून सांगितलं. आपलीच माणसं, हसायला तयार. बाई समोर बसल्या होत्या, त्याही हसल्या. हे तोंडातून निघत असताना मी चार रविवारची शिकवण पोटात घेऊन उभा होतो. मी तसं का केलं याचं कारण शोधायला मी पुष्कळ वर्षं घालवली. कारण साधं आहे. तोपर्यंत मी गिअर दुरुस्त करू लागलो होतो आणि ते कुणाकडून शिकलो हे कुणाला कळायला नको होतं.

पुढच्या दहा वर्षांत मी धारवाडचा गिअरवाला अण्णा झालो. डॉक्टर, प्राध्यापक, परदेशातून मुलांनी धाडलेल्या जुन्या सायकली घेऊन येणारे आईबाप, सगळे माझ्याकडे. एक डॉक्टर होते, त्यांची सायकल गिअरसाठी तीन दुकानांत फिरून आली होती. मी फक्त आवरण बदललं आणि गिअर दहा मिनिटांत चालू झाले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर नाडी बघून सांगितलंत." मी हात जोडले. मनात म्हटलं, नाडी दुसऱ्यानं शिकवली. दुकान त्या वर्षांत टिकलं, घरची लग्नं झाली, म्हातारपणी मान मिळाला, हे सगळं त्या चार रविवारांमुळे. देवाला मी रोज नमस्कार करतो. त्यात इरण्णांचंही नाव असतं, हे मात्र मी कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

अधूनमधून मी उणकलला जाई. ते चहा पाजत. धारवाडची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे यायची थांबली होती, ते कधी बोलून दाखवत नसत. एकदा मीच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही मान खाली घातली," ते म्हणाले. "'नाही काढल्या' असं म्हणाला असतात तर सांगितलं असतं."

म्हणजे हा माणूस मला खरं बोलायला वेळ देत होता. मी तो वेळ अकरा वर्षं घेतला.

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीनंतर एक नवे सभासद माझ्याजवळ बसले. तरुण, नुकतेच उणकलच्या नव्या वसाहतीत राहायला आलेले. म्हणाले, "आमच्या घराजवळ एक म्हातारा सायकलवाला आहे. तुमच्या त्या भाषणातला वॉशर इरण्णा तोच ना हो? आम्ही त्याला तसंच ओळखतो." ते सहज बोलले. त्यांनी जुना अंक वाचला होता. मी समजत होतो की ती गोष्ट त्या वर्षी संपली. ती तर त्या माणसाच्या दारापर्यंत राहायला गेली होती.

मी आधी केलगेरीला गेलो. मालतीबाई आता साठीच्या पुढच्या, निवृत्त. पंत दोन वर्षांपूर्वी गेले. मी चहा यायच्या आधीच सगळं सांगितलं, कारण चहा घेतल्यावर मला जमलं नसतं. दोन जोड्या मी काढल्या. चेन मी फेकली. वॉशरचा काही दोष नव्हता.

बाई मनगट चोळू लागल्या. माफ केलं म्हणतील अशी आशा मला होती, हे कबूल करतो. त्या म्हणाल्या, "माझ्या हाताचं राहू द्या, तो बरा झाला. त्या दिवशी दुकानात मी त्यांना काय काय बोलले ते तुम्हाला आठवतं?"

"आठवतं."

"आणि तुम्ही ऐकत उभे होता."

"हो."

"तुम्ही मला खोटं गणित शिकवलंत, बापूअण्णा. आणि मी गणिताची बाई असून ते अकरा वर्षं बरोबर म्हणत आले." त्या उठल्या. "चला. बस आहे आत्ता."

आम्ही दोघं उणकलला उतरलो. बाईंना बसच्या पायऱ्या उतरताना हात द्यावा लागला. तो त्यांनी माझा घेतला नाही, कंडक्टरचा घेतला. इरण्णा शेडच्या बाहेर खुर्चीवर बसले होते. हात आता थरथरतो, काम जवळजवळ बंद केलंय. बाईंनी सरळ त्यांच्या पायाशी वाकायला सुरुवात केली तेव्हा ते दचकून उठले. "अक्का, एनिदु, हे काय करता?"

बाईंनी माफी मागितली. मग मी मागितली, बाईंच्या देखत, जी त्या दिवशी मागायला हवी होती. मी त्यांना सांगितलं की हे सगळं मी मंडळाच्या अंकात लिहिणार आहे, माझ्या नावानिशी.

इरण्णा म्हणाले, "चेनचं लिहा, हवं तर. पण अण्णा, तुम्हाला एक ठाऊक नाही. त्यानंतर मी कुणाच्याही सायकलीला हातानं काही बनवून घातलं नाही. लोक यायचे, म्हणायचे, हे मिळत नाही, काहीतरी करा. मी म्हणायचो, कंपनीचं मिळेल तेव्हा या. लेथ समोर असायचा. पण कुणी पुन्हा हसलं तर, असं वाटायचं. मग लेथही विकला."

मला वाटत होतं, मी त्यांची गिऱ्हाइकं घेतली. मी त्यांचा हातच हिरावून घेतला होता.

बाई म्हणाल्या, "त्या वॉशरचं माप तुम्हाला आठवतं का हो?"

"आठवतं म्हणजे?" इरण्णा म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार आली. "ते माप काढायला मला पाच दिवस लागले होते."

बाईंनी पिशवीतून वही काढली. इरण्णा सांगत गेले, बाई लिहीत गेल्या, मी तपासत गेलो. मध्ये एकदा त्यांनी बाईंच्या हातातून पेन घेतलं आणि थरथरत्या हातानं स्वतः आकृती काढली. आकृती इथं छापता येत नाही, म्हणून शब्दांत देतो. ज्यांच्याकडे अशी जुनी डोंगरी सायकल असेल, बटन एका कंपनीचं आणि डिरेलर दुसरीचा, आणि पहिले गिअर बरोबर पडून पुढचे करकरत असतील, त्यांनी ती फेकू नये किंवा बांधून टाकू नये. टिचकीला डिरेलर जास्त सरकत असेल तर तार धरणाऱ्या बोल्टवर पितळेचा जाड वॉशर घालावा. त्याला कडेला तारेच्या जाडीएवढी खाच असावी आणि तार त्या खाचेत, खिळीपासून नेहमीपेक्षा अडीच ते तीन मिलिमीटर लांब धरावी. आधी तीन मिलिमीटरचा करून पाहावा आणि थोडा थोडा घासत आणावा. डिरेलर कमी सरकत असेल तर उलट, तार आत घ्यावी. सातही गिअर वर जाताना आणि खाली येताना दोन्हीकडून तपासावेत. ही रीत उणकलच्या इरण्णांची आहे, त्यांनी ती स्वतः शोधली, आणि मालतीबाईंच्या सायकलीवर ती पूर्णपणे बरोबर चालत होती.